‘एक जाणकार, पुणे’ यांना उत्तर

टाटाची पंच घ्यावी की ह्युंदाईची एक्स्टर, यावरच्या ‘पंच की एक्स्टर’ या मागच्या लेखावर ‘एक जाणकार, पुणे’ अशा नावाने आलेली प्रतिक्रिया बहुतेकांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पंचला सुरक्षेचे पाच तारे असताना मी एक्स्टरकडे कौल दिला हा बेजबाबदारपणा आहे, सनरूफला मी भुलले, स्वतः एक्स्टर घेतली म्हणून तिची तळी उचलतेय, रिसेलचा विचारच केला नाही. आणि मग हे वाक्य: “ताई, इंदूरच्या सपाट रस्त्यावर पोहे खायला जाण्यापुरती गाडी चालवणाऱ्यांनी घाटात कुठली गाडी चांगली, हे लोकांना शिकवू नये.”

टीकेचं मला वावडं नाही. याच लेखाखाली एकांनी मायलेजवरून माझ्याशी चांगला वाद घातला, त्यांना मी धन्यवादच दिले. पण मत खोडणं वेगळं आणि माणसाला त्याची जागा दाखवणं वेगळं. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दात पोहे काढायचे, ही कुठली रीत? माझ्या जागी एखादे काका असते तर पोहे आठवले असते का, हेही मनात आलं. असो. तुम्ही ताई म्हणालात, मी दादा म्हणते.

तर दादा, एकदा नकाशा उघडा. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, पण पठाराच्या दक्षिण कडेला. उज्जैनकडे जाल तर रस्ता सपाट, कबूल. दक्षिणेला मात्र कुठूनही निघा, विंध्य उतरल्याशिवाय नर्मदा दिसत नाही. ओंकारेश्वरला जायचं तर सिमरोलच्या पुढे भेरूघाट. महूवरून मंडलेश्वर-महेश्वर गाठायचं तर जाम घाट, जिथे वर अहिल्याबाईंच्या काळचा दरवाजा उभा आहे आणि खाली पूर्ण निमाड पसरलेलं दिसतं. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गणपती घाटाचं नाव काढलं तर इथला कुठलाही ट्रकवाला कानाला हात लावेल, इतक्या गाड्यांचे ब्रेक तिथे फेल झालेत. घाट म्हणजे फक्त खंडाळा, ही समजूत एक्स्प्रेसवेनं करून दिली असेल तर त्याला माझा इलाज नाही.

माझ्या वडिलांची नोकरी मंडलेश्वरला आणि घर इंदुरात, रामबागेत. मी गाडी शिकले ती त्यांच्या फियाटवर, याच जाम घाटात. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही. बाबा मुद्दाम चढावर गाडी थांबवायला लावायचे आणि हँडब्रेकवरून उचलायला सांगायचे. गाडी वीतभर मागे सरकली की खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणायचे, “पुन्हा.” मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा असला तरी “पुन्हा.” पुढे नोकरी केली ती इंदूरजवळच्या पिथमपूरला, गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात. इंजिन ज्या रबराच्या माउंटिंगवर बसतं ते माझ्या हाताखालून जायचं. आणि हो, देशभरातल्या गाड्या ज्या नॅट्रॅक्सच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर तपासायला येतात, तोही आमच्याच पिथमपूरला आहे, पुण्याला नाही.

आता गाडीबद्दल. तुमच्या बाजूचा खरा मुद्दा तुम्हाला सुचलाच नाही, तो मीच देते. पंचच्या इंजिनाची ताकद 88 पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर), एक्स्टरची 83. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंचचा पूर्ण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 115 न्यूटन-मीटर, मिनिटाला 3250 फेऱ्यांच्या आसपास मिळतो. एक्स्टरचा जवळजवळ तेवढाच टॉर्क मिळायला 4000 लागतात. म्हणजे कागदावर घाट पंचचा. माझा भाचा सुदामानगरात राहतो, त्याच्याकडे पंच आहे, आणि ती मी जाम घाटात चालवली आहे, म्हणून कागदापलीकडचं सांगते. चार माणसं, एसी चालू, वळणावर गाडी दुसऱ्या गिअरात ओढत नाही, पहिला टाकावा लागतो. हे दोन्ही गाड्यांत होतं, कारण आमच्या या दोन्ही गाड्यांना टर्बो नाही. फरक त्यानंतर कळतो. पंचच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात फेरीच्या दर 240 अंशांवर एक स्फोट, एक्स्टरच्या चारच्यात दर 180 वर. शिवाय तीनचं इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलायला बघतं. माउंटिंग त्यातलं पुष्कळसं गिळतं, सगळं गिळत नाही. म्हणून पंच फेऱ्या वाढवून चढवली की तिची धडधड गिअरच्या दांड्यात आणि तळपायाला लागते, आणि पाय आपसूक ॲक्सिलरेटरवरून सैल होतो. गाडी तिथेच मार खाते. एक्स्टर 4000 वर नेली तरी कुरकुरत नाही, म्हणून माणूस ती तिथे नेतो. इंदुरातल्या पलासियाच्या सिग्नलवर उभं राहतानाही हेच. घाट तर महिन्या-दोन महिन्यांतून येतो, सिग्नल रोजचा.

हे मूळ लेखात होतं. तुम्ही सनरूफच्या परिच्छेदापाशीच थांबलात बहुतेक.

पाच ताऱ्यांचं म्हणाल, तर गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं 2021 मध्ये पंचला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले, हे मी लिहिलं होतं. त्या पंचला दोन एअरबॅग होत्या. एक्स्टरला 2023 मध्ये बाजारात आल्यापासून सगळ्यात स्वस्त मॉडेलातही सहा आहेत. त्यावर अजून काय बोलायचं! ज्याला तारेच बघायचे आहेत त्यानं बिनधास्त पंच घ्यावी, मी कुणाचा हात धरलेला नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी बरोबर आहे आणि मोकळ्या मनानं मान्य करते. पंचचे दरवाजे 90 अंशांत उघडतात, आणि घरात गुडघे दुखणारी माणसं असतील तर त्याचं मोल मोठं आहे. माझ्या सासूबाई भाच्याच्या गाडीत आधी बसतात, माझ्या गाडीत बसताना “थांब गं” म्हणतात. ते लेखात यायला हवं होतं. तुम्ही एक्स्टरच्या 391 लिटरच्या डिकीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीत. पंचची 366 आहे.

स्वतःच्या गाडीची तळी उचलते म्हणता, तर गाडी घेऊन, पदरचे पैसे मोजून, चालवून मगच लिहिलं. शोरूमच्या दारातून एक चक्कर मारून लिहिणाऱ्यांचे लेख तुम्हाला जास्त निःपक्ष वाटत असतील तर ते वाचावेत, त्यांचा तोटा नाही. रिसेलवर काही लिहिणार नाही. मी गाडी वापरायला घेते, विकायला नाही.

सीएनजीबद्दल ज्यांनी विचारलं आहे त्यांना सवडीनं स्वतंत्र लिहीन, तो विषय डिकीच्या जागेशी जोडलेला आहे आणि इथे घुसडण्यासारखा नाही. आणि दादा, यापुढे लिहाल तेव्हा खरं नाव लिहा. ‘एक जाणकार’ यांना मी उत्तर देणार नाही.