‘टाकी रिकामी आहे, वेल्डिंग मारून घ्या’ हे ऐकू नका

यवतमाळकडच्या आपल्या गावांत सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या गाडीच्या गंजलेल्या पेट्रोल टाकीवर खर्च करू नका. कोला भरून रात्रभर ठेवा, पाण्यानं धुवा, भोक असेल तर टाकी रिकामी करून गावातच वेल्डिंग मारा, बारीक गळती असेल तर एम-सील लावा. गोठ्यात चार वर्षं उभी असलेली आमची मारुती 800 मी या उन्हाळ्यात सुरू करायला घेतली, तेव्हा चौघांनी मला तोच पाठवला. त्यातली एक गोष्ट जीव घेणारी आहे, म्हणून आधी तिचं बोलतो.

रिकामी टाकी सुरक्षित, हा समज उलटा आहे. जळते ती पेट्रोलची वाफ. हवेत ती साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा कमी पडते. टाकी रिकामी केली की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं. 800 ची टाकी सुमारे 28 लिटरची. तेवढ्या पोकळीला अर्धा चमचा पेट्रोल बस झालं, आणि तेवढं तर पत्र्याच्या दुमडीत, तळाला बसलेल्या चिकट थरात राहतंच. धुऊन वास गेला तरी वेल्डिंगच्या उष्णतेनं तेच पुन्हा वाफ होऊन निघतं. बंद डब्यातला भडका पत्रा फाडूनच बाहेर येतो.

‘आम्ही सायलेन्सरचा धूर आत सोडून मारतो, काही होत नाही,’ असं गावातल्या एका काकांनी मला सांगितलं. धुरानं आतली हवा कमी होते हे खरं. पण किती कमी झाली, हे वायू मोजणाऱ्या मीटरशिवाय कोणालाच कळत नाही. टाकीत पाणी भरलं तरी वर राहिलेली पोकळी धोक्याचीच. आणि काका, टाकीवर वाकतो कोण? बसस्टँडजवळ वखराची पास जोडणारं, डवरे दुरुस्त करणारं वीस-बावीस वर्षांचं पोर. गिऱ्हाईक ‘रिकामी आहे’ म्हणालं की ते विश्वास ठेवतं. हे मला फार लागतं.

आता कोला. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, पण अगदी थोडं. वरवरचा गंज सुटेल, पापुद्रे नाही. 28 लिटर कोल्यात जवळपास तीन किलो साखर जाते, ती वेगळीच. त्यापेक्षा निंबूसत बरं: टाकी गाडीखालून काढून, फ्लोट (पेट्रोल किती आहे ते दाखवणारा आतला तरंगता भाग) बाहेर घेऊन, दहा लिटर पाण्याला अर्धा ते एक किलो. मूठभर नट-बोल्ट टाकून हलवायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. खरी चूक यानंतर होते. आम्ल धुतलेला उघडा पत्रा ओला राहिला तर काही तासांत पुन्हा तांबूस होतो, आषाढात तर बघायलाच नको. म्हणून हे काम मे महिन्याच्या उन्हात करा आणि वाळल्याबरोबर आतून तेल फिरवा.

एम-सीलबद्दल थोडक्यात. भोक दिसतं एक, पण आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. पुट्टी त्यालाच धरून बसते आणि आपल्या पांदणरस्त्यावर चार हादरे बसले की पत्र्यासकट सुटते.

खर्च वाचवण्याचा मुद्दा मात्र खोटा नाही. आत नुसता तांबूस रंग असेल तर टाकी साफ करून चालते, ती बदलायची गरज नाही. बोटानं दाबल्यावर पत्रा दबत असेल किंवा शिवणीतून ओल येत असेल, तर दुसरी टाकीच घ्यावी. त्यातही आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात, म्हणजे पत्रा जिथं आधीच सडलेला असतो तिथंच.

आमच्या टाकीचा तळ दबला. नागपूरहून दुसरी आणली, सोबत रबरी नळ्या आणि फिल्टरही नवे घातले. जुनी भंगारात द्यायची होती, पण भंगारवाला गॅसकटरनंच कापतो. म्हणून तिच्यावर दोन्ही बाजूंनी लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पेट्रोलची टाकी, आगीनं कापू नये’, आणि त्याला तोंडीही दोनदा सांगितलं.