क्यू ठेवल्यावर पाना

बेळगावात स्नूकर-पूल खेळणाऱ्या पोरांचा विषय निघाला की दोनच प्रश्न ऐकू येतात: खेळायचं कर्नाटकाकडून की महाराष्ट्राकडून, आणि क्रीडा कोट्यातली नोकरी कुठल्या राज्याची? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला तेवढा धीर परवडत नाही. त्याच्यासाठी तिसरी वाट आहे: टेबल आणि क्यू, म्हणजे खेळायची काठी, दुरुस्त करण्याची.

नोकरीला नाक मुरडायचं कारण नाही. बिलियर्ड्स-स्नूकरचा विश्वविजेता पंकज अडवाणी ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत आहे, याचा इंग्लंडमधल्या खेळाडूंना हेवाच वाटावा. तिथल्या व्यावसायिक स्नूकर टूरवर जागा साधारण १२८. कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, दोन वर्षांचं. पहिल्या ६४ मध्ये नाही राहिलात तर बहुधा पुन्हा पात्रता फेरी. पगार नाही, प्रवास-हॉटेल खिशातून. १९७९ चा विश्वविजेता टेरी ग्रिफिथ्स पुढे नावाजलेला प्रशिक्षक झाला, स्टीव्ह डेव्हिस समालोचनाकडे वळला. पण माईक किती जणांच्या हाती येणार? टेबल मात्र प्रत्येक क्लबात असतं, आणि ते बिघडतंच.

आपल्याकडे टेबल बिघडलं की सुताराला बोलावतात, घोटाळा तिथंच होतो. ९ फुटी पूल टेबलात कापडाखाली साधारण इंचभर जाडीच्या तीन स्लेट, म्हणजे दगडी फरश्या, असतात. स्नूकरला पाच, आणि वजन टनाच्या वर. सुताराच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध दिसतो, पण हळू सोडलेला बॉल शेवटच्या फुटात वळतो. लेव्हल करायची ती आधी फ्रेम, मग मधली स्लेट, मग बाजूच्या. खाली पातळ पॅकिंग, बोल्ट थोडे थोडे आवळायचे, दर वेळी पुन्हा लेव्हल बघायची. सांध्यावर नख फिरवा. अडकलं तर एक स्लेट उंच आहे. सांधा मेणाने भरून ब्लेडने सपाट करायचा. एक दिवस वजन बसू द्यावं, पुन्हा तपासावं, मगच कापड. घाई केली की कापड दोनदा काढावं लागतं.

आता गंमत बघा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथचा बेड बसवायला मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल वापरतात. टेबलाला हवी ती हीच! यंत्र आणि हात गावात आहेत. बॉल कसा धावायला हवा हे ओळखणारा डोळा खेळाडूकडे आहे. दोघांची गाठ कुणी घालून देत नाही, आणि आपण कोट्यावर भांडतो.

कामही गावापुरतं नाही. चोर्ला घाटातून गोव्याची हॉटेलं, निपाणीवरून कोल्हापूर, खाली हुबळी. पावसाळ्यात कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, कुशनवरून कोन बदलतो. इंग्लंडात मोठ्या सामन्यांच्या टेबलाखाली हीटर असतो. आपल्याकडे निदान स्नूकरच्या कापडाला बॉकपासून, म्हणजे जिथून डाव सुरू होतो त्या टोकापासून, काळ्या बॉलकडे, एकाच दिशेने, आधी ब्रश आणि मग इस्त्री, एवढं तरी व्हावं. उलटा ब्रश मारला की लव उभी राहते.

सुरुवात टिपपासून, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टोपीपासून, करावी, भांडवल कमी लागतं. स्नूकरची टिप ९ ते १० मिमी, पूलची १२ ते १३. जुना गोंद खरवडून फेरूलचं (टिपखालच्या कड्याचं) तोंड काटकोनात सपाट करायचं, हे लेथवर उत्तम होतं. टिपचा तळ खरखरीत करायचा, जेल गोंदाचा एकच थेंब, मधोमध दाब. बाहेर आलेली कड ब्लेडने उतरवून घुमट द्यायचा, तोही रात्रभर वाळल्यावर. क्लबात टिप लावून दहा मिनिटांत ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारतात, टिप उडते, आणि शिव्या गोंदाला.