‘उपचार हा हक्क मानला तर डॉक्टर गुलाम होतील’: या मजकुराला उत्तर

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं असं: दुसऱ्याच्या श्रमावर कुणाचा हक्क असूच शकत नाही, म्हणून आरोग्यसेवा हा मानवी हक्क नव्हे. तो मानला तर डॉक्टर गुलाम होतील, तिजोरी रिकामी होईल आणि फुकट आहे म्हणून लोक उगाच गर्दी करतील. सबब, सगळं बाजारावर सोडा.

गुलामगिरीचं आधी उरकू. आरोपीला वकील मिळण्याचा हक्क कितीतरी देशांत आहे. त्यापायी कोणता वकील वेठीला धरला गेला? हक्काचं ओझं शासनावर असतं. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून आहे. तिथले डॉक्टर पगार घेतात, राजीनामे देतात, पगार कमी वाटला तर संपही करतात. गुलामांना ही सोय नव्हती.

तिजोरीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण हक्क म्हणजे मागेल त्याला मागेल ते, असं कुठल्या करारात लिहिलंय? आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा १९६६चा आंतरराष्ट्रीय करार ‘उपलब्ध साधनं’ आणि ‘टप्प्याटप्प्याने’ असंच म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. तिथे आरोग्यसेवेचा हक्क थेट संविधानात आहे. तरीही १९९७ मध्ये मूत्रपिंडं निकामी झालेल्या एका रुग्णाची डायलिसिसची मागणी संविधान न्यायालयाने फेटाळली: यंत्रं अपुरी होती, आणि कुणाला घ्यायचं याचे रुग्णालयाचे निकष वाजवी होते. निकाल वाचताना जीव कासावीस होतो, पण तिजोरी काही लुटली गेली नाही. पुढे २००२ मध्ये आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या नेविरापिन या औषधाचा खटला आला. उत्पादक कंपनी ते काही वर्षं फुकट द्यायला तयार होती, आणि सरकारने मात्र ते मोजक्या केंद्रांपुरतं अडवून ठेवलं होतं. त्याच कलमाखाली, त्याच न्यायालयाने ते निर्बंध उठवायला लावले. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणाऱ्या सरकारला कारण द्यावं लागलं. एकदा ते पटलं, एकदा नाही. हक्क नसता तर कारण विचारायची सोयच नव्हती.

फुकट दिलं की लोक डॉक्टरकडे जास्त जातात, हे अर्धं खरं आहे. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात हजारो लोकांची चिठ्ठ्या टाकून करावी तशी वेगवेगळ्या विमा योजनांत विभागणी केली. ज्यांना खिशातून भरावं लागे ते कमी गेले. गंमत अशी की त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले. बहुतेकांच्या तब्येतीत मोठा फरक पडला नाही. पण उच्च रक्तदाब असलेल्या गरिबांचा रक्तदाब फुकट उपचारांत जास्त आटोक्यात राहिला. म्हणजे पैशाची चाळणी लागली, पण तिने नेमके चुकीचे लोक गाळले.

राहिला बाजार. रुग्णाला आपल्याला काय हवंय हेच कळत नाही, ते विकणाराच सांगतो. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये ही अडचण अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली होती. वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं की, जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी. आता कुणी म्हणेल, ब्रिटनमध्ये तर सरकारी सेवा होतीच की! होती, आणि विषमताही होती. पण बाजाराचा शिरकाव जितका जास्त तितका हा नियम कडक लागू होतो, हेही त्यांनी त्याच लेखात नोंदवलंय.