भिंतींना चिकटलेली थकबाकी

जुळे सोलापुरातील हे जुने घर घेताना आम्ही पारखण्यात काही कसर ठेवली नव्हती. भिंतींना हात लावून ओल तपासली, एप्रिलच्या भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभे राहून स्लॅब किती तापतो ते तळपायांना विचारले आणि पाणी किती दिवसांआड येते, आले तर हौदात किती जोराने पडते, याची शेजारच्या मावशींकडे कसून चौकशी केली. मालक असलेल्या काकांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही असे समोर ठेवले, तेव्हा उरलासुरला संशयही त्या दह्यात कालवला गेला. कराची पावती मागायची तेवढी राहिली.

खरेदीखत होऊन चौथा महिना लागला होता. पाण्याचा दिवस असल्याने मी लुंगी वर खोचून मोटर लावत असताना फाटकाशी एक गृहस्थ आले आणि त्यांनी महापालिकेच्या थकलेल्या मालमत्ता कराची 61,480 रुपयांची नोटीस पुढे केली. तिच्यावर माझे नाव नव्हते, काकांचेही नव्हते. काकांच्या वडिलांचे होते, ज्यांची हार घातलेली तसबीर मी याच घरात पाहिली होती.

"हे आता नाहीत हो," मी म्हणालो.

"मग कधी येतील?"

रात्री ती नोटीस मी पोथीसारखी वाचली. सामान्य कर समजला. वृक्ष कर वाचून अंगणातील एकुलत्या एक कढीपत्त्याकडे प्रथमच आदराने पाहिले. खरी गंमत शास्तीची, म्हणजे कर थकल्याबद्दलच्या दंडाची होती. दरमहा 2 टक्के दराने ती वर्षानुवर्षे, अगदी आम्ही घर पाहायला येऊन चटणी खात होतो तेव्हाही, शांतपणे वाढत होती. सावकाराचे पैसे निदान एकदा तरी आपल्या हातात येतात.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. खांद्यावरच्या सोलापुरी टॉवेलने चष्म्याची एकेक काच सावकाश पुसत लिपिकांनी माझे गाऱ्हाणे पूर्ण ऐकून घेतले आणि मग 1949 च्या महापालिका अधिनियमाचे सार सांगितले: कराचा बोजा मिळकतीवरच असतो, माणसे बदलली तरी भिंती त्याच राहतात. शिवाय हस्तांतरणाची सूचना विकणारा आणि घेणारा अशा दोघांनीही तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. ती काकांनी दिली नव्हती आणि मीही दिली नव्हती, त्यामुळे माझा आवाज आपोआप खाली आला.

काकांना फोन केला. "अहो, घर तुमच्या हवाली केलंय की वो आता!" असे ते इतक्या मायेने म्हणाले, की क्षणभर मलाच कृतघ्न वाटले. मग मी खरेदीखत उघडून 'ताब्याच्या तारखेपर्यंतचे सर्व कर लिहून देणार यांनी भरावयाचे आहेत' हे वाक्य सावकाश, दोनदा वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. अखेर निम्म्यावर तडजोड झाली. पूर्ण रकमेसाठी भांडायला हवे होते हे सौभाग्यवतींचे मत आजही कायम आहे आणि ते बरोबर आहे.

पैसे भरले. पावती अर्थातच तसबिरीतल्या आजोबांच्या नावाने निघाली, कारण थकबाकी शून्य झाल्याशिवाय नावात बदल होत नाही. आता अर्ज दिला आहे. परवा तेच गृहस्थ पुन्हा फाटकाशी थांबले आणि त्यांनी विचारले, "आले का ते?"

"नाही," मी म्हणालो, "पण त्यांचे पैसे पोहोचलेत."