कुणी नाही, निवडणुकीवाले!

युद्ध थांबवायला काय काय लागतं ते थोरामोठ्यांना विचारा; मला २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत ओणवं व्हावं लागलं. पूर्व लंडनमधल्या दारांना पत्रं टाकायची फट असते ती बऱ्याचदा गुडघ्याखाली. वर स्प्रिंगचं झाकण, आत ब्रश. गाझात युद्धबंदी मागणाऱ्या आमच्या अपक्ष बाईंचं पत्रक आत सरकवलं की झाकण बोटंच धरून ठेवतं. मतदान ४ जुलैला होतं. तोवर बोटं पुरायला हवी होती.

तर झाकणाने बोट धरलं, मी "आई गं!" म्हणालो आणि दार उघडलं. यादीत त्या घरापुढे भलत्याच कुणाचं नाव होतं. दारात मात्र गंजिफ्रॉकातले काका.

"मराठी का रे?" पण आत काही घेतलं नाही. आतून काकूंनी विचारलं, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही. निवडणुकीवाले!"

मग उलटतपासणी. पक्ष? अपक्ष. चिन्ह? इथे अपक्षाला चिन्ह नसतं, नावाखाली फार तर 'इंडिपेंडंट' छापतात. काका हळहळले. "आपल्याकडे निदान कुकर तरी मिळतो. रोडरोलर मिळतो. नुसत्या नावावर कोण मत देणार?" डिपॉझिट? ५०० पौंड, पाच टक्के मतं नाही पडली तर जप्त. काकांनी तिथल्या तिथे रुपये केले. "पन्नास हजारांच्या वर गेले की रे! आणि त्याने युद्ध थांबणार?"

मी रेग कीज यांचं सांगितलं. मुलगा २००३ मध्ये इराकात मारला गेला, म्हणून हे गृहस्थ २००५ मध्ये सेजफिल्ड मतदारसंघात थेट इराकात सैन्य धाडणाऱ्या पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिले. मतं ४,२५२, दहा टक्क्यांच्या वर. निकालाच्या रात्री ते बोलले, तेव्हा पंतप्रधानांना मागे उभं राहून ऐकावं लागलं.

"पण पडलेच ना?"

इथे माझं डोकं फिरलं. मुलगा गेलेल्या बापालाही आधी निकाल विचारायचा! पण प्रचारात डोकं फिरवून घ्यायची सोय नसते. तोवर काका कचऱ्यावर पोचले होते. कचरा काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे असतो, खासदाराकडे नाही, म्हटलं.

"मग खासदार करतो काय?"

युद्धावर मत देतो, काका. त्यासाठीच तर चाललंय सगळं.

"युद्ध मलाही नकोच रे. पण आम्हाला कुठलं मत? पासपोर्ट भारताचा."

कॉमनवेल्थवाल्यांना इथे राहत असताना मत देता येतं, मी म्हणालो. नाव नोंदवायची मुदत मात्र १८ जूनला संपली.

"मग आधी नाही का यायचं?" ते माझ्यावरच डाफरले. अर्धा तास गेला, आणि हातातल्या कागदावर 'बाजूने', 'विरोधात', 'घरी नाही' यांतल्या एकाही रकान्यात काका बसेनात.

जाताना म्हणाले, "पाच-सहा पत्रकं ठेवून जा. कागद जाड आहे, फडताळात घालायला बरा."

देणगीच्या पैशांतून छापलीयत, मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो.

"मग तर फुकटच की!"