चालू वायरींना वायफाय राऊटर जोडताय? मग नीट बिघडवा

घरात वायरचं नेट विनातक्रार चालू आहे हीच मुळात काळजीची गोष्ट आहे. हॉलमध्ये कंपनीने बसवलेला डबा, त्यातून एक केबल कॉम्प्युटरला, एक टीव्हीला, एक जिन्यातून वर पोरांच्या खोलीत, कोण काही बोलत नाही, मग अशा घरात जेवताना भांडायचं तरी कशावरून? तेव्हा वरच्या खोलीत मोबाईलला वायफाय पोचत नाही एवढं निमित्त धरा आणि साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर जाऊन एक नवीन राऊटर घेऊन या.

घेताना फक्त अँटेना मोजायच्या. मागचे पोर्ट, म्हणजे केबल घालायची भोकं, किती स्पीडची आहेत असलं विचारून दुकानदाराला लाजवू नका. खोक्यावर बाराशे लिहिलेलं असतं ती दोन्ही बँडच्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या, स्पीडची बेरीज असते, आणि मागचे पोर्ट बऱ्याच स्वस्त राऊटरला शंभर एमबीपीएसचेच असतात, म्हणजे केबलमधून शंभराच्या वर काही येणारच नाही, पण खोकं केवढं मोठं आहे बघा की!

खोक्यात एक पुस्तक निघेल ते रद्दीत टाका. त्यात कुठंतरी ॲक्सेस पॉइंट मोड असं लिहिलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच राऊटरमध्ये ही सोय असते, ती निवडली की राऊटर मुकाट्याने वायरीतलं नेट हवेत सोडायचं काम करतो, मोबाईल-टीव्हींना नेटवर्कातले पत्ते (आयपी ॲड्रेस) वाटायचं काम जुन्याच डब्याकडे राहतं आणि विषय संपतो. विषय असा संपवायला आपण अडीच हजार घातलेत का?

आता केबल. मागे चार भोकं एका रंगाची आणि एक वेगळ्या रंगाचं असतं. वेगळ्या रंगाचं म्हणजे खास, म्हणून वरच्या खोलीत आलेली केबल बिनधास्त त्यात खुपसा. नेट लगेच चालू होतं आणि हीच यातली गंमत आहे, कारण नेट चालतंय म्हटल्यावर कोणाला संशय येत नाही. नवीन राऊटरने मात्र स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडलेलं असतं, वरच्या मोबाईलचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होणारे, खालच्या प्रिंटरचा आणि टीव्हीचा १९२.१६८.१ ने. मग हॉल तिकीट प्रिंट करायच्या दिवशी वरच्या मोबाईलला प्रिंटर दिसत नाही, लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायला घेतला तर टीव्ही सापडत नाही, आणि पोरगं गेम खेळताना स्ट्रिक्ट नॅट स्ट्रिक्ट नॅट म्हणून बोंबलतं, म्हणजे दोन राऊटरच्या आडून त्याला बाकीच्या खेळाडूंशी नीट जोडता येत नाही. त्याला म्हणायचं अभ्यास कर.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर केबल काढून बाकीच्या चारपैकी एकात घाला. भोक हे बरोबर आहे, पण घाबरू नका, बिघडवायला अजून खूप वाव आहे. फक्त राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, तेवढं बंद करू नका. आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले. आपल्या साताऱ्याला हे काय नवीन नाही, छत्रपतींच्या दोन गाद्या झाल्या, सातारा आणि कोल्हापूर, आणि हद्दीचा वाद वर्षानुवर्षं चालला, शेवटी १७३१ साली वारणेचा तह होऊन वारणा नदी हद्द धरली तेव्हा कुठं मिटलं. तुम्ही तह करायचा नाही. मोबाईल चालू झाला की तो विचारतो मला पत्ता कोण देणार, दोघंही मी देतो म्हणून पुढे येतात आणि बहुतेक ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याचा पत्ता तो घेतो. जुन्या डब्याने दिला तर नेट चालतं. नवीनने दिला तर तो वर असंही सांगतो की बाहेर जायचा रस्ता माझ्याकडूनच आहे, आणि त्याच्याकडे तर रस्ताच नाही! म्हणून वायफायचं चिन्ह फुल्ल आणि खाली नो इंटरनेट. याची खरी मजा म्हणजे एकाच सोफ्यावर बसून वहिनींचं चालतं आणि दादाचं चालत नाही, दादा मोबाईल बंद करून चालू करतो की त्याचं चालतं आणि आजींच्या टीव्हीवरची मालिका गोल फिरायला लागते. मग दादाच्या मोबाईललाच दोष द्यायचा, चायनाचा आहे म्हणून.

त्यात दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ निघाला तर सोन्याहून पिवळं. काही लोक काय करतात, केबल जोडायच्या आधीच नवीन राऊटरला लॅपटॉप लावतात, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करतात, जुना डबा जे पत्ते वाटतो त्यात हा येत नाही ना ते बघतात, डीएचसीपी बंद करतात आणि मग केबल जोडतात. दहा मिनिटांचं काम. असल्या लोकांना घरात काही कामधंदा नसतो.

स्पीड डबल करायची हौस असेल तर दोन डब्यांमध्ये एकाच्या जागी दोन केबल टाका. साध्या डब्यांना हा वेढा कळत नाही, नेटवर्कातली हाळी एका केबलने जाते, दुसरीने परत येते, परत जाते, आणि तिला थांबवणारं कोणीच नसतं. दोन्हीकडचे सगळे लाईट एकदम फडफडायला लागतात. नेट जातं, पण गणपतीत मखराला वेगळी लायटिंग लागत नाही.

राऊटर ठेवायची जागा विचारपूर्वक निवडा. पेठेतला जुना वाडा असेल तर दगडी भिंतीच्या कोनाड्यात, फ्लॅट असेल तर लोखंडी कपाटाच्या मागे. पाच गिगाहर्ट्झ अशा भिंतीतून फारसं जात नाही, अडीचच्या आसपासचं थोडं तरी जातं, म्हणून हट्टाने पाचवरच ठेवायचं. अडीचवालं लावलंच तर राऊटर मायक्रोवेव्हला चिकटून ठेवा, दोघं साधारण त्याच लहरींवर चालतात, वरण गरम होईपर्यंत कोणाचा व्हिडिओ हलणार नाही. वरून क्रोशाचा रुमाल घाला. गरम होऊ दे, थंडीत मांजर बसेल.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तर मोबाईल जिना चढता चढता आपोआप जवळचा पकडतो, बहुतेक वेळा तरी. म्हणून नावं वेगळी ठेवा, मग मोबाईल वरच्या खोलीत बसूनसुद्धा खालच्या डब्याची एक काडी धरून लोंबकळत राहील. वायफायचा चॅनेल, म्हणजे लहरींची पट्टी, मात्र दोघांना एकच द्या. १, ६ आणि ११ एकमेकांच्या अंगावर येत नाहीत म्हणतात, म्हणून दोघांनाही ६, शेजाऱ्यांचाही ६च असतो, शेजारधर्म म्हणून. ॲडमिनचा पासवर्ड ॲडमिनच राहू द्या, विसरायला होत नाही. आणि भाच्याने दिलेला जुनाट राऊटर असेल तर त्यात डब्ल्यूईपी नावाचं वायफायचं जुनं कुलूप सापडेल, ती सुरक्षा २००१ सालीच फोडून दाखवली होती, म्हणजे पंचवीस वर्षांची परंपरा झाली, मोडू नका.

एवढं सगळं जमलं की गॅलरीत उभं राहून स्पीड टेस्ट घ्या आणि कंपनीला फोन लावा, की तुमची लाईनच खराब आहे. ते म्हणतील एकदा रिसेट करून बघा. नवीन राऊटर सोडून हॉलमधल्या त्यांच्याच डब्याच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घाला आणि तीस सेकंद दाबून धरा. त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळं धुऊन निघालं की वर, खाली, वायर, वायफाय, सगळं समसमान बंद. आता कंपनीचा मुलगा उद्या सकाळी येणार. कुठली उद्या ते विचारू नका, त्यालाही माहीत नसतं.