विंचवाचं बिऱ्हाड, ८३ टॅब

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपच्या पंख्याने सूर बदलला. आधी तो नुसता घुमायचा. त्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मिक्सर कोणी लावलाय?" आणि लगेच तिच्या लक्षात आलं, की मिक्सर तिच्याच समोर बंद पडून आहे.

भाचा सुट्टीला आमच्याकडे डोंबिवलीत आला होता. तो कॉम्प्युटरमधलं काहीतरी शिकतो. नेमकं काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि डॉक्टर जीभ बघून करतात तसा चेहरा केला.

"मामा, किती टॅब उघडलेत हे?"

"असतील दहा-बारा."

त्याने मोजले. ८३ निघाले. टॅबांची नावं कधीच दिसेनाशी झाली होती. सकाळी आठ बावन्नच्या लोकलच्या दारात दिसतात तशी नुसती एकमेकांत घुसलेली चिन्हं उरली होती. एकात अर्धवट वाचलेला लेख, एकात गुडघेदुखीचे व्यायाम, एकात छताच्या पंख्याची किंमत. तो पंखा घेऊन दोन वर्षं झाली होती.

"करू सगळे बंद?"

"खबरदार!" मी आणि बायको एकदम ओरडलो. माझं कारण तात्त्विक होतं. तिचं कारण असं, की त्यात कुठेतरी कैरीच्या लोणच्याची कृती होती.

मग भाच्याने समजावलं. इंटरनेटची पानं दाखवणारं गूगलचं क्रोम सप्टेंबर २००८मध्ये आलं, तेव्हा त्याचं मोठं कौतुक हेच होतं, की त्यात टॅबांना एका घरात कोंबत नाहीत, जवळपास प्रत्येकाला वेगळी चूल मांडून देतात. म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे जगतात. हे समजावून सांगायला त्यांनी एक आख्खी चित्रकथा काढली होती. आता बहुतेक ब्राउझर थोड्याफार फरकाने असंच करतात. एकत्र कुटुंबात एकाला गोवर आला की सगळ्यांना यायचा, तो प्रश्न मिटला. पण ८३ चुली पेटल्या की गॅस किती जाणार, याचा हिशेब घरमालकाने करायचा असतो. माझ्या लॅपटॉपला रॅम होती ८ जीबी.

"तू ब्राउझर बदल," भाचा म्हणाला. "त्याआधी स्वतःला बदललंस तर फारच बरं."

दुसरा उपाय मी तिथेच सोडून दिला.

मी तेव्हा कोणत्या ब्राउझरमध्ये राहत होतो ते सांगत नाही. जुन्या घरमालकाशी संबंध बिघडवू नयेत, डिपॉझिट अडकलेलं असतं. पण काम रीतसर करायचं म्हणून मी दोनशे पानी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. ब्राउझरचं नाव, वेग, सोयी, ॲड-ऑन (म्हणजे ब्राउझरला वरून लावायच्या जोडण्या), खोड्या आणि शेवटी जरा ऐसपैस रकाना : निर्णय. वहीच्या मागच्या पानावर सगळ्या बिलांचे आणि बँकांचे पासवर्ड लिहिलेले होते. तसं लिहू नये हे मला माहीत आहे. म्हणूनच मागच्या पानावर लिहिले होते.

ॲड-ऑन या प्रकाराशी माझी ओळख जुनी आहे. २००५च्या आसपास मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली होती, पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकच सामाईक अक्षरव्यवस्था, अजून रुळायचं होतं. ज्याचा त्याचा फॉन्ट घरचा, आणि पानाबरोबर फॉन्ट आपोआप उतरवून घ्यायची युक्ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररला ठाऊक. फायरफॉक्समध्ये तीच बातमी उघडली, की मंत्रिमंडळ विस्ताराऐवजी डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं पसरायची. तेव्हा फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक ॲड-ऑन होतं. ते असल्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये फिरवून दाखवायचं. मी एकदा मित्राला फोनवर म्हणालो, "पद्मा भेटली म्हणून, नाहीतर सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न होता." त्यानंतर घरात जे झालं, ते तांत्रिक स्वरूपाचं नव्हतं.

तर फायरफॉक्सवर माझा जीव आहे. बिचाऱ्याचं बारसं तीनदा झालं. २००२मध्ये फिनिक्स, मग त्या नावावर दुसऱ्याचा हक्क निघाला म्हणून फायरबर्ड, तेही नाव एका डेटाबेसवाल्यांचं होतं म्हणून २००४मध्ये फायरफॉक्स. त्यातही फायरफॉक्स हे खरं तर लाल पांडाचं नाव. चिन्हावर मात्र सगळ्यांना कोल्हाच दिसतो. स्वतःबद्दल इतका गोंधळ असलेला प्राणी मला घरचाच वाटतो.

पण अभ्यास म्हणजे अभ्यास. वहीत मी पाच नावं आणखी लिहिली : क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी. तीन दिवस एकेकाचे गुणदोष टिपले. चौथ्या दिवशी भाच्याने वही चाळली.

"मामा, हे पाचही एकच आहेत."

"म्हणजे?"

"आतून सगळे क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३मध्ये सोडलं. एज २०२०च्या जानेवारीपासून त्याच पंगतीत. बाकीचेही तेच."

म्हणजे पाच हॉटेलांच्या पाच पाट्या, पाच वेगळे मेन्यू, पण मागे मुदपाकखाना एकच. कोणी वर खोबरं भुरभुरतो, कोणी कोथिंबीर. मुलगी तोऱ्यात म्हणाली, की तिच्या आयफोनवर चार वेगवेगळे ब्राउझर आहेत. भाच्याने तिलाही सोडलं नाही. आपल्याकडच्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत ॲपलच्या सफारीचंच इंजिन, वेबकिट, असतं. ती उठून गेली.

त्याहून मौज पुढे होती. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाच्या दारात गेला, की आपली ओळख सांगतो. आणि हे सगळेच्या सगळे आपली ओळख 'मोझिला' अशी करून देतात. नव्वदच्या दशकात नेटस्केप हा ब्राउझर जोरात होता. मोझिला हे त्याचं घरातलं नाव. काही संकेतस्थळं हे नाव ऐकलं तरच चांगलं पान वाढायची. मग एक्सप्लोररही दारात जाऊन म्हणायला लागला, मी मोझिलाच, म्हणजे त्यांच्यातलाच. पुढे जो आला त्याने तेच केलं. क्रोम तर मोझिला, वेबकिट, गेको (हे फायरफॉक्सचं इंजिन) आणि सफारी एवढ्या सगळ्यांच्या नावांच्या गर्दीत हळूच स्वतःचं घुसवतो. तहसील कचेरीत "मी अमक्या साहेबांच्या गावचा, तमक्या मामांचा जावई" अशी सुरुवात करणारी माणसं मी पाहिली आहेत. हे तंत्र इंटरनेटवरही चालतं हे कळल्यावर मला फार आपलेपणा वाटला.

खुद्द एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं गेलं. पण एका कार्यालयाचं संकेतस्थळ अजून मला सांगतं, की हे पान एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल. त्यावर भाचा म्हणाला, एजमध्ये त्याच्यासाठी एक खोली राखून ठेवली आहे, तिथे ते पान उघडता येतं. नव्या फ्लॅटमध्ये आजोबांची खोली असते तशी.

मी एकेका ठिकाणी चार-चार दिवस राहून पाहिलं. ब्रेव्ह जाहिराती आपणहून अडवतो. तो काढणाऱ्यांत ब्रेंडन आइक आहेत, ज्यांनी १९९५मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला. आज पानांवर जे काही उड्या मारतं ते मुख्यतः जावास्क्रिप्टच्या जोरावर. म्हणजे ज्याने लाउडस्पीकर बनवला त्यानेच पुढे कानात घालायचे बोळे विकायला काढले. धंदा कळणारा माणूस. विवाल्डी ऑपेराच्याच एका संस्थापकाने काढला. त्यात मेल, कॅलेंडर, टिपणं, टॅबांच्या उतरंडी, सगळं आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये मी संध्याकाळी पाच वाजता शिरलो आणि जेवायला हाक आली तेव्हा अजून टॅब वर असावेत की डावीकडे, यावर विचार करत होतो. ब्राउझिंग त्या चार दिवसांत काहीच झालं नाही.

शेवटी फायरफॉक्समध्ये बिऱ्हाड टाकलं. त्याने विचारलं, जुन्या घरचं सामान आणायचं का? मी म्हटलं, आणा. ११०० बुकमार्क आले. माळ्यावरच्या बोचक्यांसारखे, न सोडता, जसेच्या तसे.

मग ॲड-ऑन. हे प्रकरण दिवाळीच्या फराळासारखं आहे, एक तोंडात टाकला की हात थांबत नाही. जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन घेतलं. त्याचीही कथा आहे. पूर्वी असं ॲड-ऑन सोसायटीच्या वॉचमनसारखं फाटकावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला तपासायचं. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-थ्री नावाची नवी नियमावली आणली. आता वॉचमनने यादी आधीच सेक्रेटरीकडे द्यायची, अडवायचं काम सेक्रेटरी करणार. सेक्रेटरीचा स्वतःचा मुख्य धंदा जाहिरातींचा आहे, हे सभेत कोणी काढलं नाही असं नाही. क्रोममध्ये जुन्या पद्धतीची ॲड-ऑन २०२४पासून बंद होत गेली. फायरफॉक्सने जुना वॉचमन ठेवला. अर्थात फायरफॉक्सनेही नोव्हेंबर २०१७मध्ये जुन्या घडणीची ढीगभर ॲड-ऑन एका रात्रीत घराबाहेर काढली होती, त्यामुळे फार हार घालायला नकोत.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पान काळं करणारं घेतलं, किमती ताडून पाहणारं घेतलं, मराठी शुद्धलेखन तपासणारं घेतलं. त्याने पहिल्याच मेलमध्ये माझ्या आडनावाखाली लाल रेघ मारली. एक नुसतं नव्या टॅबवर डोंगराचं चित्र दाखवणारं होतं. त्याने आत येण्यापूर्वी परवानगी मागितली : तुम्ही उघडाल त्या प्रत्येक संकेतस्थळावरची तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची. भिंतीवर कॅलेंडर अडकवायला आलेल्या माणसाने कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात! मी दिल्या. डोंगर खरंच छान होता.

आणि सतरावं घेतलं ते वेळेचा अपव्यय टाळणारं. कोणत्याही संकेतस्थळावर रोज फक्त दहा मिनिटं, असा नियम मीच मोठ्या निर्धाराने घातला.

मे महिन्यात नागपूरला साखरपुडा निघाला. स्लीपरचं तत्काळ अकराला उघडतं. मी दहा पन्नासपासून लॉग-इन करून, प्रवाशांची नावं तयार ठेवून, रणांगणावर बसल्यासारखा बसलो होतो. मध्ये एक कॅप्चा आला. 'चित्रातली अक्षरं लिहा.' चित्र नव्हतं. माझ्याच कुठल्यातरी वॉचमनने ते जाहिरात समजून अडवलं असावं. एकेक ॲड-ऑन बंद करत सुटलो. नवव्याला चित्र आलं. अक्षरं लिहिली. दहा एकोणसाठ. अकरा. बटण दाबलं.

पडदा शांत निळा झाला. मध्यभागी मजकूर : 'या संकेतस्थळावरची आजची तुमची दहा मिनिटं संपली. आता कामाला लागा.'

मी जे बोललो ते ऐकून भाचा बाहेरच्या खोलीत गेला. बायको आत आली, वही उचलली, मागचं पान उघडलं, पासवर्ड पाहिला आणि फोनवर काहीतरी करत पुन्हा स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "चार मिळाली. एक साइड लोअर आहे, ती तुम्ही घ्या."

भाच्याने कुतूहलाने तिचा फोन मागितला. "मामी, किती टॅब आहेत गं तुझ्याकडे?"

"मला काय माहीत! आधी तिथे आकडा यायचा. आता हसरा चेहरा येतो."

भाच्याने मान डोलावली. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शंभर किंवा त्याहून जास्त टॅब उघडे असले, की आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसतो.

"लोणच्याची कृती त्यातच आहे," ती म्हणाली. "तुमच्यावर कोण विसंबून राहणार?"

संध्याकाळी मी वही शोधली. ओट्यावर होती, जराशी तेलकट. सहाही ब्राउझरांच्या ओळी भरलेल्या होत्या. शेवटचा ऐसपैस रकाना मी महिनाभर कोरा ठेवला होता. आता तिथे, 'निर्णय' या शब्दाखाली, बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं : कैऱ्या दोन किलो, मोहरीची डाळ पाव किलो, हिंग छोटी डबी.